आधी मूठ, मग चिठ्ठी

“आधी कोठीत हात घाल, मूठभर माल बघ, आणि मगच चिठ्ठी शिव. जनावराला वाचता येत नाही, सूनबाई. त्याच्या वतीनं आपण वाचायचं.”

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली, तरी पोत्याच्या तोंडाशी शिलाईचं यंत्र धरलं की सुनेच्या कानात हे शब्द उमटायचे. पशुखाद्याच्या त्या गिरणीत सासूबाईंचा तो रोजचा नेम होता. शेवटच्या आजारात त्यांनी सुनेकडून तसं वचनही घेतलं होतं. सुरुवातीला तिनं ते पाळलं. मग काम वाढलं, दिवसाला दोनशे पोती निघू लागली, आणि नेम कधी सुटला हे तिचं तिलाही कळलं नाही. आत कुठल्या जनावराचा खुराक आहे ते सांगणारी, नवरा देईल ती चिठ्ठी घ्यायची, पोत्याच्या तोंडाशी शिवायची. मान भरून येई, डोळ्यांत कोंडा जाई, हात तेवढे चालत राहत.

त्या दुपारीही तसंच चाललं होतं. दारात सावली पडली म्हणून तिनं वर पाहिलं. टेकडीपलीकडची मेंढ्या पाळणारी मावशी होती. एरवी आली की “काय गं, आजही पावडर लावूनच बसलीस?” म्हणून हसवायची. आज ती पोत्यांच्या थप्पीवर मटकन बसली.

“पाच गेल्या, पोरी. डोळे पिवळे, लघवी काळी लाल. काल उभ्या होत्या, आज आडव्या. डॉक्टरांनी खुराक तपासून घेतला. म्हणाले, हा गाईंचा आहे, यात तांबं जास्त. गाईला सोसतं, मेंढीच्या अंगात साठत जातं.” तिनं पिशवीतून एक चुरगळलेली चिठ्ठी काढली. “मला कुठं वाचता येतं? तूच वाचून दिली होतीस. परत वाच बघू.”

“मेंढ्यांचा खुराक,” सुनेनं वाचलं.

मावशी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, “आणखीही लोकांनी हाच नेलाय. त्यांच्या अजून उभ्या आहेत. आज बंद केला तर पुष्कळ वाचतील म्हणे.”

“मी जाते सगळ्यांकडे. आजच.”

“बघ हं. तुझ्या शब्दावर चालले,” म्हणत मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली.

नवरा वजनकाट्याशी होता.

“अहो, मेंढ्यांच्या चिठ्ठ्या गाईंच्या मालाला लागल्यात.”

“लागल्यात कसल्या, लावल्यात. मेंढ्यांचा माल संपला होता, चिठ्ठ्यांचा गठ्ठा पडून होता. दारातलं गिऱ्हाईक परत पाठवू? दुसरे भुसा भरतात नि वर ‘पौष्टिक’ छापतात. आपला माल निदान चांगला तरी आहे.”

“गाईंसाठी चांगला. मावशीच्या पाच मेंढ्या मेल्या.”

माणूस वाईट नव्हता. रस्त्यातलं लंगडं कुत्रं उचलून घरी आणणारा होता. पण थकला होता, आणि थकलेल्या माणसाला हाताशी असलेली चिठ्ठी पुरते.

“बोभाटा झाला तर गिरणीला टाळं लागेल,” तो म्हणाला. “उद्या बघू काहीतरी. आधी ही चाळीस पोती उरक.” त्यानं तोच गठ्ठा तिच्यापुढे ठेवला.

आपल्या बाळाच्या दुधाच्या डब्यात भलतंच काही निघालं, तर आपण सारे रस्त्यावर उतरू. गोठ्यातल्या मुक्या जिवासाठी कोण उतरतं?

ती उठली. कितीतरी दिवसांनी तिनं कोठीत कोपरापर्यंत हात घातला, मूठभर माल काढला, हुंगला. गाईंचाच होता. तिनं यंत्राचं बटण बंद केलं.

“ही चिठ्ठी मी शिवणार नाही.”

“मग कोण शिवणार?”

“तुम्ही शिवा. फक्त त्याआधी आईंसारखा कोठीत हात घाला.”

त्यानं गठ्ठा उचलला, कोठीकडे पाहिलं आणि तसाच उभा राहिला.

माल कुणाकुणाकडे गेला ती अकरा घरं तिनं वहीतून कागदावर उतरवून घेतली. पिशवीत शिवण उसवायची कात्री टाकली, गाईंच्या चिठ्ठ्या टाकल्या, सुई-दोरा टाकला.

“जेवलीस का?” मागून नवऱ्याचा आवाज आला.

“आल्यावर.”

पहिलं घर उताराखाली होतं. तिनं अंगावरचा कोंडा झटकला, चपला घातल्या आणि चालू लागली.