एकोणतिसावी पिढी

“अंगठा नको. पेन दे.” केसरबाईंनी शाईचं पॅड कोपरानं दूर सारलं.

इथं संशोधन करणाऱ्या सुमेधानं पेन दिलं, पण ते कागदाला टेकलं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाहून, कुकटपल्लीहून दोन बस बदलून केसरबाई या प्रयोगशाळेत आल्या होत्या, त्या सही करायची की नाही हे ठरवायला. त्यांचा एकुलता एक मुलगा धम्मानंद मेंदूतल्या गाठीनं जाऊन दोन वर्षं झाली होती. ऑपरेशनच्या वेळी त्यानं गाठीचा तुकडा अभ्यासाला दिला होता. त्या परवानगीची मुदत आता संपत होती. आईनं सही दिली तर त्या तुकड्यातून वाढवलेल्या पेशींवर नवं औषध घालून बघायचं; नाही दिली तर सगळ्या नष्ट करायच्या.

“म्हंजे ते आणखी जित्तं हाय?”

“हौ आजी, वाढतंय.” सुमेधाचे आजोबा नांदेडचे, पण ती इथंच वाढलेली, तिच्या मराठीत इथली हिंदी मिसळलेली. “दिवसाआड मी खायला घालते. इतवारीपण येते.”

“काय घालतीस?”

“लाल पाणी. त्याच्यात साखर रहती.”

“गोड खात नव्हता तो. चहासुदिक फिका प्यायचा. मला इचारायचं तरी.” केसरबाईंनी चष्मा वर ढकलला. “ज्यानं माझं लेकरू खाल्लं, त्याला तू पोसतीस. आन् ते औषध काय करणार?”

सुमेधा शब्द जुळवत बोलू लागली. “पेशीला वाढ, वाढ म्हणून हुकूम येतात. मायक्रोआरएनए म्हणून बारके तुकडे रहतात, ते हुकूम दाबतात. अंकलच्या गाठीत तसला एक तुकडा कमी पडला. तो आम्ही परत घालतो. मग वाढणं थांबतं, पेशी आपणहून मरतात.”

“दटावणारं कुणी नव्हतं म्हण की.”

हे त्यांना चटकन कळलं. अख्खी गल्ली त्यांच्या तोंडाला भ्यायची. आता ज्याला दटावावं असं घरात कुणी नव्हतं. तो गेल्यावर सून वर्षाच्या आत माहेरी गेली. लेकरूबाळ काही झालंच नव्हतं.

सुमेधानं एक चपटी बाटली दाखवली. वर नाव नव्हतं, नुसता आकडा.

“एकोणतीस. पेशी एका बाटलीतून दुसरीत काढल्या की एक पिढी धरतो.”

“मला एक नातू दिला नाही मेल्यानं,” केसरबाई म्हणाल्या, आणि बाटलीवरच्या आकड्यावर बोट टेकवलं.

मग त्यांनी सही केली. एकेक अक्षर, धम्मानंदनं सहावीत असताना त्यांच्याकडून गिरवून घेतलं होतं तसं.

“मरतील तवा तू जवळ राहशील?”

“राहीन. तीन दिवस बघत बसायला लागतं.”

“बस जवळ. तो गेला तवा मला आयसीयूच्या काचेभाईर ठेवलं होतं.”

सुमेधानं पेशी अंगाच्या उबेत ठेवायच्या पोलादी कपाटाचं दार उघडलं. आत आणखी एक काचेचं दार होतं. पलीकडं ओळीनं बाटल्या. केसरबाईंनी पालथा हात काचेला लावला, कपाळाला लावतात तसा. काच कोमट होती.

“ताप नाही,” त्या म्हणाल्या, आणि हात तिथंच राहू दिला.