एका जेवणावर

चैत्रातल्या त्या सकाळीही शिवकांता नुसतं पाणी पिऊन निघाली. सासू रत्नम्मानं चूल पेटवली नव्हती. विधवेनं दिवसातून एकदाच, दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा त्या घरचा नेम होता.

लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा जळकोटकडच्या माणसांना वाटलं होतं, आता हाताला काम मिळेल. आला तो दुष्काळ. शिवकांताचा नवरा महादेवप्पा बायकोला आणि आईला घेऊन किनवटच्या जंगलात वनमजूर म्हणून आला आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात वणव्यात भाजून गेला. त्याच्या जागी शिवकांताला घेतलं.

वणवा विझवायचं शिक्षण पंधरा दिवसांचं होतं. पाण्याचा डबा पाठीवर घेऊन टेकडी चढायची, आग पुढं सरकू नये म्हणून आखलेली जाळरेषा कोयत्यानं साफ करायची, ओल्या फांद्यांनी जाळ झोडपायचा. तिसऱ्या दिवशी तिच्या पोटऱ्यांत गोळे आले. पाचव्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली. आठव्या दिवशी चढणीवरच तिला अंधारी आली.

वनपाल देविदास जवळ आला. "सकाळी काय खाल्लं, बाई?"

"आमच्यात एकदाच जेवत्यात."

सोबतच्या लक्ष्मीबाईनं अर्धी भाकर पुढं केली. शिवकांतानं ती हातात घेतली, जरा वेळ बघितली आणि परत दिली.

त्या संध्याकाळी देविदास घरी गेला. "मावशी, हिला सकाळी भाकर देत जा. हे काम उपाशीपोटी होत न्हाई."

"मी बाविसाव्या वर्षी रांडावले," रत्नम्मा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तवापासून एकदाच जेवते. लोकाच्या रानात राबले, लेकरू वाढवलं. मेले का मी?"

शिवकांताला घरी बसवलं तर तिचं काम जाईल, म्हणून देविदासनं दुसऱ्या दिवशीही तिची हजेरी लावली.

बाराव्या दिवशी भर उन्हात पेटत्या गवतासमोर तिचा घाम थांबला. अंग तव्यासारखं तापलं. ती काहीतरी बरळली आणि पडली. लक्ष्मीबाई जीपमध्ये तिच्या तोंडावर पाणी मारत राहिली, पण दवाखान्याच्या वाटेतच शिवकांता गेली.

देविदासनं अहवालात मरणाचं कारण 'उपासमार' लिहिलं. त्याचे वरचे साहेब म्हणाले, "घरातल्या गोष्टी कशाला लिहिता? ऊन लागलं म्हणा." त्यानं कागद बदलला आणि सही केली.

पुढच्या तुकडीत सहा बाया आल्या, त्यात दोघी विधवा. पहिल्याच सकाळी देविदासनं एकेकीला विचारलं, "काय खाऊन आलात?"

चौघींनी सांगितलं. त्या दोघी खाली बघत उभ्या राहिल्या.