दत्ताराम तांडेल भ्याला त्याची गोष्ट

"गोदू, मी जातो गो! हात धर माझा!"

सन दोन हजार एक, मार्च महिना, सकाळचे आठ. अंजनवेलजवळच्या खारवीवाड्यात दत्ताराम तांडेल भाकरीचा तुकडा मोडता मोडता उठला आणि भिंतीला टेकून ओरडला. छाती धाडधाड उडत होती, श्वास पुरत नव्हता, बोटांना मुंग्या आल्या होत्या, अंगाला दरदरून घाम. गोदूबाई भाकरी तव्यावर तशीच टाकून धावली. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक! तिला वाटलं, आटपलं सगळं.

अर्ध्या तासाने दत्ताराम उठून बसला आणि त्याने चहा मागितला. तीन आठवड्यांतलं त्याचं हे चौथं मरण होतं.

हसू नका, मंडळी. ज्याला ते येतं त्याला प्रत्येक वेळी ते खरंच मरण वाटतं.

हा काही भित्रा माणूस नव्हे. वीस वर्षं होडीचा तांडेल, म्हणजे होडी त्याच्या शब्दावर चालायची आणि सहा खलाशांचा जीव त्याच्या हातात. पण मार्गशीर्षात त्याचा बालमित्र आत्माराम जाळं ओढता ओढता छातीत कळ येऊन कोसळला आणि दत्तारामच्या मांडीवरच गेला. बंदर दोन तास लांब होतं. ते दोन तास दत्ताराम त्याचं डोकं धरून बसला होता. तेव्हापासून मनात एकच घोकणी: पुढचा नंबर माझा.

गुहागरच्या डॉक्टरांनी दोनदा कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं. "हृदय ठणठणीत आहे," ते म्हणाले, "हा त्रास भीतीचा दिसतो. रत्नागिरीला चिठ्ठी देतो, तिथे मानसोपचार करणाऱ्या बाई आहेत, त्यांना दाखवा."

झालं! आमच्या जिल्ह्यात 'याला रत्नागिरीला न्या' या वाक्याचा अर्थ एकच. वेड्यांचं इस्पितळ! गोदूबाईने चिठ्ठी घडी घालून देव्हाऱ्याखाली सारली आणि नवऱ्याला बजावलं, "कोणाला बोलू नका हां."

पण वाडीला काय लपतं? कोणी म्हणालं ढोंग, कोणी म्हणालं आत्मारामचीच बाधा. शेवटी गोदूबाईने देवळात कौल लावला. आमच्याकडे देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना फुलं चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालून वाट बघतात. उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. प्रश्न होता, तांडेलाने होडीवर पाय ठेवावा का?

डावं फूल पडलं.

दत्तारामने होडी सोडली. दोन दिवस बरं वाटलं. मग धक्क्यावर जायची भीती वाटायला लागली. मग बाजाराची. मे संपेपर्यंत गोदूबाई विहिरीवर गेली तरी हा दारात उभा, "लवकर ये गो," म्हणत. भीतीला एक पायरी सोडली की ती पुढची मागते, हे त्या दोघांना कोण सांगणार?

खलाशी मात्र थांबणार नव्हते. त्यांनी निरोप धाडला, "नारळी पौर्णिमेला तांडेल आला नाय तर आम्ही दुसरा बघू."

त्या दिवशी गोदूबाई रडत काशीराम गुरवाकडे गेली आणि त्याला घरी घेऊन आली. देवळातला कौल लावणारा तोच.

"काका, परत एकदा कौल लावा. माझा माणूस जित्तेपणी मेलाय."

काशीराम दत्तारामशेजारी जाऊन बसला. मग म्हणाला, "नाय लावणार. गोदू, चुकलो मी. तेव्हाच बोलायला हवं होतं."

"काय?"

"चार वर्षांमागे मला हेच झालेलं. गाभाऱ्यात पाऊल टाकलं की दम कोंडायचा. फूल धरलं की हात लटलटायचा. लोकांना वाटायचं गुरवाच्या अंगात येतंय! पाया पडायची माझ्या! आणि मी आतल्या आत मरत होतो. शेवटी मेव्हण्याने रत्नागिरीला नेलं. तुम्हाला सांगितलं, गुडघ्याला औषध आणायला जातो."

दत्तारामने विचारलं, "काका, तुम्ही? मग बोललात का नाय?"

"गुरवच घाबरतो म्हटल्यावर देवळात कोण येणार? लाज वाटली रे. त्या लाजेपायी तुझे तीन महिने खाल्ले मी. देवीवर माझी श्रद्धा हाय, पण होडीला भोक पडलं तर आपण कौल लावतो का? सुताराला बोलावतो ना? ती चिठ्ठी काढ गो, कुठे ठेवलीस ती."

गोदूबाईने देव्हाऱ्याखालून चिठ्ठी काढली.

रत्नागिरीची एसटी चार तासांची. दत्तारामने सगळा वेळ खिडकीचा गज घट्ट धरून ठेवला. जिना चढून तो आणि गोदूबाई चिठ्ठीतल्या बाईंच्या, उमाताईंच्या, खोलीत शिरले. त्याला वाटलं होतं, गज असतील, कुलपं असतील. आत दोन वेताच्या खुर्च्या, एक पंखा आणि दार वाऱ्याने लागू नये म्हणून मध्ये ठेवलेला चिऱ्याचा तुकडा.

"इथे कोंडत नाय?" त्याने विचारलं.

"दार उघडंच आहे," उमाताई म्हणाल्या. "वाटेल तेव्हा जा."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आत्मारामचं सांगताना तो हुंदके देऊन रडला, तेही ऐकून घेतलं. गुहागरच्या डॉक्टरांचे कागद पुन्हा तपासले आणि मग एक विचित्र गोष्ट सांगितली. "मिनिटभर जोरजोरात श्वास घ्या. मी इथेच आहे."

दत्तारामने घेतला. अर्ध्या मिनिटात बोटांना मुंग्या आल्या, डोकं गरगरलं, छाती धडधडू लागली. तो किंचाळला, "बाई, आला! तोच आला! मी मेलो!"

"कोणी आणला तो?"

त्याने आपल्या बोटांकडे पाहिलं. "मी... मीच आणला?"

"हो. ह्याला पॅनिक अटॅक म्हणतात. शरीर खोटी आरोळी ठोकतं आणि मन ती खरी मानतं. मग छाती आणखी धडधडते. मरण आल्यासारखं वाटतं, पण ते मरण नसतं."

पाच-दहा मिनिटांत सगळं ओसरलं. तो कुठे पळाला नव्हता, कोणाचा हातही धरला नव्हता.

"मग मी करू काय?"

"मला समुद्रातलं कळत नाही. तुम्हीच सांगा, मोठी लाट आली की होडी वळवून पळता का?"

"छे छे! आडवी घातली तर उलटेल की! तोंड लाटेवरच द्यायचं," दत्ताराम म्हणाला, आणि मग त्यानेच विचारलं, "पुन्हा कधी येऊ?"

जादू झाली नाही, बरं का. नऊ वेळा तो रत्नागिरीला गेला. आधी गोदूबाईसोबत, मग एकटा. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीत रोज जाऊन बसायचं आणि भीती दहापैकी किती, ते वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी त्याने दहा लिहिले आणि घरी पळाला. एकदा धक्क्यावरून परत फिरून ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाला. गोदूबाई किनाऱ्यावरच थांबली. खाडीच्या तोंडाशी होडी उसळली आणि तो आला! तोच घाम, त्याच मुंग्या. आत्मारामचा चेहरा डोळ्यांपुढे. सगळं अंग सांगत होतं, फिर मागे!

दत्ताराम मोठ्याने म्हणाला, "पोरांनो, मी घाबरलोय. छाती उडतेय माझी. पण सुकाणू सोडत नाय!"

कोणीही हसलं नाही. होडी लाटेवर चढली, खाली आली, पुन्हा चढली. थोड्या वेळाने भीती उतरली आणि जाळं पाण्यात पडलं.

वाचकहो, छातीत दुखलं तर आधी हृदयच तपासा, त्यात हयगय नको. पण तपासणी साफ निघाली म्हणून 'तुला काही झालेलं नाही' असं त्या माणसाला म्हणू नका. त्याला झालेलं असतं, आणि त्यावर उपचार आहेत. ताप आला की डॉक्टरकडे जायला आपण लाजत नाही, मग भीतीचीच लाज कशाला?

दिवाळीनंतर वाडीतली तुळसा आपल्या सुनेला, मैनाला, देवळात घेऊन आली. मासळीबाजारात पोरीचा जीव घाबरा होतो म्हणे, बाधा असेल, कौल लावा. काशीरामने फुलांना हात लावला नाही. त्याने दत्तारामला बोलावणं धाडलं.

दत्ताराम हातातलं जाळं तिथेच टाकून तसाच आला. त्या पोरीसमोर पायरीवर बसला आणि म्हणाला, "मलापण होतं, बाय. सांग बघू, मुंग्या आधी कुठे येतात?"