आळीचा जावई

मालनच्या बोकडाचं नाव मेंबर. न बोलावता कुणाच्याही दारात जायचा, दिसेल ते खायचा आणि वर ऐटीत उभा राहायचा, म्हणून हे नाव. मानपाड्यामागच्या त्यांच्या गावात याच्याइतका देखणा बोकड दुसरा नव्हता. आळीतल्या सगळ्या बायका आपल्या शेळ्या त्याच्याकडेच फळवायला आणत. त्या करडांच्या जिवावर शेजारच्या स्वप्नाने स्कूटर घेतलेली आणि सखुबाईने मुलाला न विचारता नवे दात बसवलेले.

घर, चाळ, रस्त्यालगतचा प्लॉट, सगळं मालनचा नवरा गोपीनाथ याच्या नावावर. शेळ्या-कोंबड्या तेवढ्या मालनच्या. माहेरून आणलेल्या एका करडापासून तिने गोठा भरला होता. तिथे तिचाच शब्द चालायचा आणि तिला ते फार म्हणजे फारच आवडायचं.

तर या गोपीनाथने पुतण्याच्या, हर्षितच्या, साखरपुड्यात नाचता नाचता माईक ओढला आणि जाहीर करून टाकलं, "हळदीचा बोकड माझ्याकडून! आपला मेंबर!" मांडवभर शिट्ट्या. मालनच्या हातातला पेढा हातातच राहिला.

"दुसरा आना ना," घरी आल्यावर ती म्हणाली.

"चारचौघांत शब्द दिलाय. माझी इज्जत काय राहील?"

"आनि माजी?"

गोपीनाथने टीव्ही लावला. मालन थेट सखुबाईकडे गेली. सखुबाई गावची धवलारीण, लग्नाची गाणी म्हणणारी. तिने धवला गायल्याशिवाय गावात कुणाला हळद लागत नसे. सगळं ऐकून ती इतकी हसली की नवे दात हलले.

"अगो, आमच्या शेल्या त्याला दिल्यान. म्हंजे तो आलीचा जावई. जावयाला कोन कापतंय का?"

हळदीच्या संध्याकाळी मेंबर मांडवाच्या खांबाला बांधलेला होता. नवरदेव पाटावर बसला, बेंजोवाले सरसावले, आणि तेवढ्यात पिवळ्या साड्यांतल्या बायका आपापल्या शेळ्या घेऊन आत शिरल्या. एकच बें बें उडाली. मेंबरने आनंदाने असा हिसका दिला की खांब वाकला, झालर खाली आली, आणि त्याने हर्षितच्या गळ्यातला हार खायला घेतला.

सखुबाईने शांतपणे वाटी उचलली, पहिली हळद मेंबरच्या कपाळाला लावली आणि सूर धरला, "जावईबापू आलं गो दारी..." बायकांनी धवला उचलला. बेंजोवाल्यांनाही राहवेना, त्यांनी ठेका धरला. हर्षित हसून हसून पाटावरून घसरला.

"काका, आता याला कापणार? हा तर माझ्याआधी नवरदेव झाला!"

सखुबाई मध्येच थांबली. "पुरचा धवला नंतर. गोपीनाथ, बोकर कोनाचा, ते आधी माईकवर सांग."

बेंजो थांबला. नवरदेव हळदीविना बसलेला. गोपीनाथ कानापर्यंत लाल झाला.

"बोकड मालनचा आहे," तो पुटपुटला. "मोठ्यानं!" बायका ओरडल्या. "मालनचा आहे! तिला न विचारता बोललो."

"मंग आता विचार की तिला," सखुबाई म्हणाली.

गोपीनाथ बायकोसमोर आला. "मालन, देशील का?"

मालनने माईक घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच. "नाय!" तिचा आवाज समोरच्या टॉवरवर आपटून परत आला. तिला तो इतका आवडला की तिने पुन्हा एकदा म्हटलं, "नाय!"

शिट्ट्या थांबेनात. गोपीनाथलाही हसू फुटलं. "मग पाहुण्यांना काय वाढू?"

"माज्या कोंबड्या देते. पन त्या मी देते, हे बी माईकवर सांगा."