पूजेला बसलेली ड्रिल

दसऱ्याला दुरुस्तीचं दुकान उघडायचं नाही, हा माझा नियम. पण सकाळी साडेआठलाच सुतारकाम करणाऱ्या उमाशंकरनं शटर असं बडवलं की उघडणं भाग पडलं.

त्याच्या हातात बॅटरीवरची ड्रिल मशीन होती. बटण दाबताच धूर निघाला म्हणे. अकराला त्याच्या सासूच्या, पार्वतम्माच्या, नव्या घराचा गृहप्रवेश, आणि पुढचं दार बसवायला लोखंडी चौकटीला अजून भोकंच पाडलेली नव्हती. दुसऱ्याची मशीन मागावी, तर लातुरातली सगळी हत्यारं खंडेनवमीपासून हार घालून पूजेला बसलेली.

माझीही बसलेली होतीच. दुकानाच्या मागंच घर. तिथं पाटापुढं माझी बायको जगदेवी पहाऱ्याला. "दुपारच्या आरतीपतोर हात लावायचा न्हाई," तिनं आधीच बजावलं होतं. सर्किट तपासायचं एक मीटर तेवढं मी पूजेत मांडायला विसरलो होतो.

उमाशंकरच्याच पेचकसानं मशीन उघडली. आत पाणी, साबणाचा फेस, हळद, आणि सर्किटवर चिकटलेल्या कुंकवाच्या चार अक्षता!

"ही धुतली कुणी?" मी खेकसलो. रागावलो की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही. "मशीन हाय का म्हैस?"

"मामींनी," तो खाली बघत म्हणाला. सासूला तो मामी म्हणतो. "साबन लावून."

"मग जा, त्यांनाच सांगा दार धरून उभ्या ऱ्हावा म्हणून!"

"न्हाई वीरण्णा, त्यांना कळू द्यायचं न्हाई. दुकानदाराची पोरगी सुताराला दिली म्हणून बारा वर्सं माझी हत्याराची पिशवी त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिली न्हाई. काल पहिल्यांदा सोताच्या हातानं ती आत न्हेली, हत्यारं धुऊन पूजेला मांडली."

मला लाज वाटली. तोंडावर आलेली शिवी गिळून टाकली.

जगदेवी आतून ऐकत होती. तिनं पाटावरच्या, डाग द्यायच्या सोल्डरिंग आयर्नचा हार काढला, ते कपाळाला लावलं आणि माझ्या हातात दिलं. "देवाला काय सांगायचं ते मी सांगते. बसा कामाला." वर केस वाळवायची मशीनही आणून दिली.

सर्किट वाळवून मीटर लावलं. मोटरला बॅटरीची ताकद तोलून देणारा तीन पायांचा मॉसफेट पार काळा पडलेला. कुठल्याही दोन पायांना टोकं लावा, मीटर बोंबलतंय, म्हणजे आतून शॉर्ट. शेजारचा डायोडही गेलेला. जळक्या अंगावरचा नंबर थिनरनं पुसून, उजेडाला तिरपा धरून वाचला. भंगारातल्या एका मशीनमध्ये त्याच नंबरचा मॉसफेट निघाला, डायोडही तिथलाच घेतला. जुने उपटले, नवे बसवले, पायांत कुठं सोल्डर सांडलं नाही ना ते पुन्हा तपासलं आणि मग बॅटरी लावली. बटण दाबताच मशीन गरगरली. तेव्हा पावणेदहा झाले होते.

तेवढ्यात जावयाला शोधत रिक्षातून पार्वतम्मा उतरल्या. कपाळभर विभूती, चेहऱ्यावर घोर.

"जावईबापू, काय झालतं वो मशीनला?"

उमाशंकरनं माझ्याकडं असं पाहिलं की आयुष्यात मी पहिल्यांदा गिऱ्हाइकासाठी खोटं बोललो. "आत धूळ साचलती, मावशी."

"तरीच!" त्या हळहळल्या. "घाईघाईत माझ्याकडनं वरवरच धुनं झालं. म्होरच्या दसऱ्याला कढत पान्यात बुचकळूनच काढते."

मी तोंड उघडलं, पण उमाशंकरनं माझा हात दाबला.

"हाव मामी," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "तुमीच धुवा."