ठकूबाईच्या हातातली सुई

मित्रांनो, मी सलाईनची एक जुनी सुई आहे. महाडच्या एका दवाखान्यातल्या कपाटात, पत्र्याच्या डबीत, माझ्यासारख्याच बोथट बहिणींबरोबर पडून असते. मी तुम्हाला आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. सुई आवडणारे मूल अजून जन्माला यायचे आहे. तरीही माझे थोडे ऐका.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाची जाड नळी ओढून ओढून बारीक केली, टोक तिरके घासले आणि मागे पितळेचे बूड बसवले. मुंबईहून एस.टी.च्या पार्सलातून मी महाडला आले. तेव्हा सुया एकदा वापरून फेकून देण्याची चैन नव्हती. काम झाले की माझ्या पोकळीतून जोराने पाणी सोडून रक्ताचा कण न् कण काढत, मग मला स्टोव्हवरच्या भांड्यात खळखळ उकळत. टोक बोथटले की तेल लावलेल्या दगडावर धार देत. हे सारे रहिमा नावाची नर्स करायची. ती महाडचीच. हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, की नाकावर माशी बसली तरी ती हाकलायची नाही. डॉक्टर चिमट्याने मला उचलत आणि म्हणत, "ही शीर चुकवत नाही." त्या कौतुकाने मी फुलून जायचे.

एका भादव्यात पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतून ठकूबाईला आणले. जुलाब-उलट्यांनी तिच्या अंगातले पाणी पार आटले होते. डोळे खोल गेले होते. चिमटीत धरलेली कातडी सोडली तरी तशीच उभी राहत होती. शेजारच्या पांडूने माणसे जमवून तिला डोलीतून पोलादपुरापर्यंत उतरवले आणि पुढे मालट्रकमधून महाडला आणले. डॉक्टरांनी मला तिच्या डाव्या हाताच्या शिरेत बसवले, हात लाकडी फळीवर ठेवून पट्टीने बांधला, आणि काचेच्या बाटलीतले मिठाचे पाणी रबरी नळीतून माझ्यामार्फत तिच्या अंगात उतरू लागले. संध्याकाळपर्यंत तिने डोळे उघडले. मित्रांनो, कोरड्या शेतात पाट सोडावा तसे ते काम होते. त्याहून सुंदर काम मी कधी केले नाही.

डोळे उघडताच ठकूबाईने विचारले ते मुलाबद्दल. तिचा एकुलता एक महिपत मुंबईला गोदीत कामाला होता. गेले दोन शिमगे तो घरी आला नव्हता. पांडूने पोस्टात जाऊन त्याला तार केली होती. तेव्हापासून ठकूबाईची नजर दारावर खिळली.

लवकरच ती पेज पिऊ लागली. डॉक्टर म्हणाले, आता तोंडाने पाणी जाते, सुई काढून टाका. पण ठकूबाईने हात जोडले. अजून लय अशक्तपणा हाय, एक बाटली तरी लावा, असे ती विनवू लागली. सलाईन म्हणजे ताकद, असे तिकडच्या वाड्यावाड्यांत सगळेच मानत. डॉक्टर घाईत होते, मनाने मऊ होते. त्यांनी होकार दिला. एका बाटलीची दुसरी झाली, दुसरीची तिसरी, आणि मी आणखी काही दिवस आतच राहिले.

इथेच चूक झाली. आपली कातडी म्हणजे शरीराभोवतीचे कुंपण. मी त्या कुंपणाला पाडलेले भोक. मला कितीही उकळले, तरी कातडीवर राहणारे सूक्ष्म जंतू माझ्या कडेकडेने आत उतरू शकतात. जितके दिवस मी आत, तितके दिवस त्यांना वाट मोकळी. गरज असते तेव्हा हा धोका पत्करावा लागतो. गरज सरल्यावर मी नुसताच उघडा राहिलेला दरवाजा असते.

मला ते आधी कळले. भोवतालचे मांस गरम झाले, शीर दोरीसारखी ताठ झाली. मला बाहेर यायचे होते. पण सुईला हाक मारता येत नाही. बोलू शकत होती ती ठकूबाई, आणि ती गप्प होती. रहिमा रोज विचारायची, "मावशी, हात दुखतो का?" ठकूबाई म्हणायची, "नाय गो बाय." आणि फळीवरून पदर ओढून घ्यायची.

शेजारच्या खाटेवर पाय मोडलेली बनुबाई होती. तिची जीभ मात्र शाबूत होती. एका सकाळी ती मोठ्याने म्हणाली, "काय गो ठकू, हात सारखा झाकतेस तो? पाटली केलीस काय नवी? दाखव की आमाला."

सगळ्या बायका हसल्या. रहिमा हसली नाही. तिने येऊन पदर बाजूला केला, पट्टी सोडली. हात कोपरापर्यंत लाल झाला होता. कपाळाला हात लावला तर तेही तापलेले.

"मावशी, हे लपवलंत?"

"सुई काढू नको, बाय," ठकूबाई हळूच म्हणाली. "सुई निघाली की पांडू सांगल, म्हातारी बरी झाली. मग माजा महिपत कशाला येल?"

रहिमा म्हणाली, "आणि आला, अन् हा हात उचललाच नाही, तर त्याच्या तोंडावरून काय फिरवाल? फळी?"

ठकूबाईने मान फिरवली आणि हात पुढे केला. रहिमाने मला अलगद ओढून घेतले.

पुढे पेनिसिलिन झाले, शेक झाला. ताप उतरायला बरेच दिवस लागले. सुदैवाने हात वाचला.

महिपत आला तेव्हा मी खिडकीतल्या तबकात वाळत होते. त्याच्या खांद्यावर वळकटी, डोळ्यांत जागरण. खाटेवर उठून बसलेल्या आईला पाहून तो म्हणाला, "आये, तू तर बरी हायस."

इतके दिवस ती ज्या शब्दांना भीत होती, तेच शब्द. ती म्हणाली, "व्हय, बरी हाय. बस जरा."

तो बसला.

मित्रांनो, त्यानंतर मी पुष्कळ हातांत गेले, आणि माझे टोक धार लावण्यापलीकडे झिजले. आता या डबीत मला एकच ओढ आहे, पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडण्याची. ते होणे नाही. म्हणून तुम्हालाच सांगते. घरातल्या कुणाच्या हाताला सुई लावलेली असेल, तर स्वच्छ धुतल्याशिवाय तिला हात लावू नका. ती जागा लाल दिसली, दुखली, तर लगेच सांगा. सुईची अजून गरज आहे का, हे डॉक्टरांना रोज विचारा. आणि आपल्या माणसाजवळ बसायला त्याच्या हातात सुई असण्याची वाट पाहू नका.