गावांच्या हजेरीत एक नाव

अप्पांचा आवाज आठवला की आधी ऊन आठवतं. श्रावणातलं असूनही वैशाखासारखं, धुळीनं पिवळसर झालेलं, लातूरच्या गोलाईतल्या, म्हणजे गोल बाजारपेठेतल्या, दुकानांच्या पत्र्यांवर तापत पडलेलं ऊन. आणि त्या उन्हात माइकवर दोन बोटांनी केलेली टकटक. कपाळावरचे विभूतीचे पट्टे घामानं ओलावत, उजवा हात संथपणे वर जाई, आणि भरल्या विहिरीत घागर बुडावी तसा तो खर्जातला स्वर येई. विहिरींनी मात्र त्या वर्षी तळ दाखवला होता.

अप्पा, माझे वडील, बैलांचा साज विकायचे. घुंगरमाळा, गोंडे, कासरे. दुष्काळात चाराच नाही तिथे बैल कोण सजवणार? दुकानात घुंगरं निःशब्द टांगलेली असत आणि अप्पांचा सारा नाद सभांमध्ये जाई. लातूरचा वेगळा जिल्हा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षं बोलत आले होते. त्यांची एक रीतच होती. भाषणाआधी गावांची हजेरी घ्यायची. गिऱ्हाइकांमुळे प्रत्येक गावाचा चेहरा ओळखीचा. नाव उच्चारलं की त्या कोपऱ्यातून एखादा फेटा उंच व्हायचा.

त्या दुष्काळी श्रावणात जिल्हा झाला. आनंदाच्या सभेला माणसं कोरड्या ओठांनी आणि भरल्या डोळ्यांनी जमली. अप्पांनी हजेरी सुरू केली. औसा आला. निलंगा आला. उदगीर आलं, देवणी आली, किल्लारी आली. वाऱ्यावर झुंबर हलावं तशी नावं एकामागून एक किणकिणत होती. “समदं घर आज एका छपराखाली आलं,” अप्पा म्हणाले, आणि त्याच लयीत, त्याच मायेनं पुढे म्हणाले, “गिरिजा आली.”

लांबून आलेल्यांना वाटलं, असेल एखादं गाव. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गल्लीतली माणसं मात्र जमिनीकडे बघू लागली.

गिरिजाक्का माझी थोरली बहीण. तिनं आपल्या मनानं, जातीबाहेरच्या मास्तराशी लग्न केलं आणि नांदेडकडे उमरीला संसार थाटला. तेव्हापासून तिचं नाव घरात घ्यायचं नाही, असं अप्पांनी ठरवून टाकलं होतं. नागपंचमीला गल्लीतल्या लेकी आल्या, झोके खेळून परत गेल्या. आमच्या दारातला लिंब झोक्याविना तसाच उभा राहिला.

आमच्या कुळात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी कुठंही छाती काढून सांगतो. बी.ए.ला मानसशास्त्र होतं. जीभ उगाच घसरत नाही, मनानं जे दाराआड कोंडलेलं असतं तेच फट सापडताच बाहेर येतं, असं पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेपुरतं वाटलेलं ते वाक्य त्या दिवशी कर्ण्यातून साऱ्या बाजारावर घुमलं.

घरी आल्यावर अप्पा म्हणाले, उन्हानं जीभ जड झाली होती. चुलीपुढे बसलेल्या अव्वानं, माझ्या आईनं, भाकरी उलटवली.

“उन्हाला कशाला नावं ठिवता? तुमच्या सभेत आजच खरं बोलनं झालं.”

भल्याभल्यांना सभेत निरुत्तर करणाऱ्या अप्पांनी ताट पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी, कुणाला न सांगता, मी उमरीला गेलो. अक्का ओसरीवर ज्वारी निवडत होती. सगळं ऐकताना तिची बोटं सुपातच थांबली.

“माइकवर म्हनले?”

“हाव.”

“समद्यांदेखत?”

“हाव. टाळ्याबी पडल्या.”

ती हसली, मग तिनं पदरानं डोळे टिपले. सूप बाजूला सारून ती उठली. “अप्पा माइकवर खोटं बोलले, असं कुनी म्हनलेलं मला न्हाई खपायचं. चल.”

सांज उतरताना आम्ही दुकानाशी पोचलो. गिऱ्हाईक नसतानाही अप्पा एक जुनी घुंगरमाळ गाठवत होते. उंबऱ्याशी सावली पडली, तशी त्यांनी मान वर केली.

“अप्पा, गिरिजा आली.”

एका हातानं त्यांनी तिच्यासाठी बाकडं पुसलं. दुसऱ्या हातातली घुंगरं मात्र, ते काही हलवत नसताना, बराच वेळ बारीक वाजत राहिली.

आता अप्पा नाहीत. गोलाईत सभा होतात, माइक चांगले आले आहेत, टकटक करावी लागत नाही. मी कॉलेजात शिकवतो. रोज हजेरी घेतो. शेवटचं नाव घेऊन होतं, मुलं वह्या उघडतात, आणि माझी नजर उगाच दाराकडे वळते. काळ माणूस नेतो, पण त्याचं नाव जिभेखाली ठेवून जातो. आणि मी वाट पाहत असतो, कधीतरी भर वर्गात माझीही जीभ घसरेल आणि तोंडून ‘अप्पा आले’ निघेल याची.